फरशीवरची सावलीतली बाग

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत बागा दिसतात त्या बंगल्यांच्याच. शहापुरातल्या आमच्या घरामागं शहाबादी फरशीचं चिंचोळं परसू आहे. शेजारी मजले चढले आणि ऊन गेलं. अशा जागी लोक मोडक्या सायकली रचतात. गुलाबाचा हट्ट सोडला तर बरंच जमतं. मोरीकडेची एक फरशी उचलून अळू लावला, भिंतीवर विड्याचा वेल चढवला, कुंड्यांत नेचे. भिंतीला पांढरा चुना दिल्यानं उजेडही वाढला. बेळगावचा आषाढ म्हणजे नुसती धार, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात, नाहीतर मुळं कुजतात. तुळस मात्र उन्हासाठी गच्चीवर नेली. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही! अशा परसांवरही एकदा लिहा.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव