तक्रार पत्र: ‘कंटेनर ग्रेड’ सोया वॅक्सच्या पिशवीत दुसरेच मेण

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेशी माझे पाचवे बोलणे काल दुपारी झाले. त्यानंतर फोनवर बोलण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून लिहिते आहे.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरीच सुगंधी जार कँडल, म्हणजे काचेच्या जारमध्ये ओतलेल्या मेणबत्त्या करते. जानेवारीत तुमच्याकडून पाच किलो कंटेनर ग्रेड सोया वॅक्स आणि शंभर वाती घेतल्या. जूनमध्ये पुन्हा तीच ऑर्डर दिली, या वेळी वॅक्स दहा किलो. पिशवीवर नाव तेच, कोड तोच, सोयाबीनच्या शेंगेचे चित्रही तेच. आतले मेण मात्र वेगळे निघाले. माझी तक्रार एवढीच आहे, आणि पाच फोन होऊनही तुमच्या एकाही माणसाने ती मान्य केलेली नाही.

सोया वॅक्स म्हणजे सोयाबीन तेलाचे हायड्रोजनेशन करून घट्ट केलेले मेण, हे तुम्हाला मी सांगायला नको. जारमध्ये ओतायचे, म्हणजे कंटेनर ग्रेडचे मेण मऊ, कमी तापमानाला वितळणारे आणि काचेला धरून राहणारे हवे. साच्यात ओतून बाहेर काढायच्या पिलर कँडलचे मेण कडक हवे, आणि थंड होताना ते आकसून साच्यापासून सुटायला हवे. म्हणजे पिलरमध्ये जो गुण, तो जारमध्ये दोष. तुम्ही ही दोन्ही मेणे विकता, तेव्हा हा फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार.

जानेवारीची पिशवी आल्यावर मी तीन आठवडे फक्त चाचण्या केल्या. माझ्या जारचा आतला व्यास ७.२ सेंटीमीटर. एका जारला १८० ग्रॅम मेण, त्यात आठ टक्के म्हणजे १४.४ ग्रॅम सुगंधी तेल. मेण ८५ अंशांवर असताना तेल घालायचे, दोन मिनिटे सावकाश ढवळायचे, ५७ च्या आसपास उतरले की ओतायचे, मग दहा दिवस झाकून ठेवायचे. कागदाचे तंतू घालून विणलेल्या तुमच्या चपट्या सुती वातीचे पाच नंबर, म्हणजे पाच जाड्या, मी असे जाळून पाहिले. लहान नंबराला मधेच विहीर पडते आणि कडेचे मेण तसेच उभे राहते. मोठ्या नंबराला ज्योत नाचते, वातीच्या टोकाला काजळीचे बोंड धरते, काच हाताला चटका देते. मधला एक नंबर बरोबर बसला. तीन तासांत वितळलेल्या मेणाचे तळे कडेपर्यंत पोचले, खोली साधारण एक सेंटीमीटर, काजळी नाही. त्या दिवशी वहीत मी त्या नंबराभोवती लाल पेनने गोल केला. जार कँडल करणाऱ्याची सगळी मेहनत त्या एका आकड्यात असते. मेण बदलले की तो आकडा रद्द होतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

जुलैच्या सुरुवातीला मला मंगळागौरीच्या वाणासाठी ४८ जारची ऑर्डर मिळाली. दवण्याचा वास हवा होता. चैत्रात जोतिबाला वाहिलेला दवणा हातात धरला की जो वास येतो, तो. तसे सुगंधी तेल मिळवायलाच मला पंधरा दिवस लागले होते. ४८ जारना ८ किलो ६४० ग्रॅम मेण आणि जवळपास ७०० ग्रॅम तेल गेले. ओतण्याआधी पुन्हा चाचणी का घेतली नाही, असे तुमच्या दुसऱ्या फोनवरच्या माणसाने विचारले. पिशवीवर तोच कोड होता म्हणून घेतली नाही. ग्राहकाने त्यावर भरवसा ठेवायचा नसेल, तर तुम्ही तो छापता कशासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ४८ पैकी ३१ जारमध्ये मेण काचेपासून सुटलेले, आणि सातांना वरून वातीपासून कडेपर्यंत तडा. मेणावर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीसारख्या नक्षीबद्दल मी बोलत नाही. ते फ्रॉस्टिंग सोयाचा स्वभावच आहे, त्यासाठी मी कधी कुणाला फोन केलेला नाही. हे तडे होते. तरी मी दहा दिवस थांबले आणि एक जार पेटवला. तीन तासांनी तळे जेमतेम साडेचार सेंटीमीटर. चौथ्या तासाला वात स्वतःच्याच मेणात बुडून विझली.

जानेवारीच्या पिशवीतले सहाशे ग्रॅम मेण आणि थोड्या वाती माझ्याकडे उरल्या होत्या, हे माझे नशीब. मी चार जार केले: जुने मेण जुनी वात, जुने मेण नवी वात, नवे मेण जुनी वात, नवे मेण नवी वात. चारही बिनवासाचे, म्हणजे तेलामुळे झाले असे कुणाला म्हणता येऊ नये. एकाच दिवशी ओतले आणि दहा दिवसांनी एकाच टेबलावर, खिडकी लावून, शेजारी शेजारी जाळले. पहिला जार जानेवारीसारखाच कडेपर्यंत वितळला. दुसऱ्यात एका बाजूला मेणाची कड राहिली. तिसऱ्यात विहीर पडली. चौथा विझला. चारही जारचे दर अर्ध्या तासाचे फोटो मी तुम्हाला तीनदा पाठवले आहेत.

मेण वितळवतानाच फरक दिसत होता. जुने मेण पन्नास अंशांच्या आसपास पाण्यासारखे स्वच्छ झाले. नवे पंचावन्नला अजून गढूळ होते. जुन्याचा फ्लेक, म्हणजे पातळ कपची, चिमटीत धरला तर बोटाला तुपकट लागतो आणि दबतो. नव्याचा फ्लेक कट्कन मोडतो, बोट कोरडे राहते. माझी खात्री आहे की कंटेनर ग्रेडच्या पिशवीत पिलरचे, नाहीतर तसलेच कुठले तरी कडक मेण भरले गेले आहे. मी चुकत असेन तर या बॅचचा वितळबिंदू मला लेखी कळवा. पहिल्या फोनपासून मी हाच एक आकडा मागते आहे.

वातींचेही तसेच. माझे मिस्टर इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर काम करतात. त्यांच्या व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापाने, मी जूनच्या एकाच पाकिटातल्या वीस वाती मोजल्या. सर्वांत बारीक १.६ मिलिमीटर, सर्वांत जाड २.३. पाकिटावर एकच नंबर. व्हर्नियरमध्ये चपटी वात थोडी दबते, हे मी धरून चालते. पण जानेवारीच्या वाती त्याच हातांनी, त्याच व्हर्नियरने मोजल्या तेव्हा त्यांच्यात इतका फरक आला नाही.

आता कालचा फोन. तो मी पुरता लिहिते, कारण तुमच्या दप्तरात त्याची ‘शंकानिरसन झाले’ अशी नोंद झाली आहे. तसा मेसेज मला आला.

मी ओट्यापाशी उभी होते, वही समोर उघडी. हात मेणाचे होते म्हणून फोन स्पीकरवर. सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. तुमच्या प्रतिनिधीने विचारले, “मॅडम, मेणबत्ती पेटते ना?”

मी म्हटले, “पेटते.”

“मग?”

मी पहिल्यापासून सांगितले. चार जार, तीन तास, तळ्याचा व्यास. ते म्हणाले, “कोल्हापूरला सध्या पाऊस जास्त आहे ना? दमट हवेनं होतं असं.” मी म्हटले, चारही जार एकाच हवेत जळले, मग एक नीट जळतो आणि एक विझतो, तो कसा? यावर उत्तर नाही. थोडे थांबून म्हणाले, “मग थोडं खोबरेल तेल घालून बघा. मेण मऊ होईल.”

मी पेन घेतले. खरेच घेतले, कारण पाच फोनमध्ये पहिल्यांदा कुणीतरी उपाय सांगत होते. विचारले, “किलोला किती ग्रॅम?”

“अंदाजानं घाला हो. भाजीत मीठ घालतो तसं.”

मी म्हटले, मी वासाचे तेल दशांश ग्रॅमपर्यंत मोजते, अंदाजाने कसे घालू? तेल घातल्यावर वात कोणत्या नंबरची लावू? आणि मुळात या बॅचचा वितळबिंदू किती आहे?

तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. घरात मिस्टर आहेत का? त्यांना द्या फोन, मी त्यांना समजावतो.”

सासूबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, “ठेव तो फोन.” मी ठेवला नाही. मी पुन्हा विचारले, वितळबिंदू किती? पलीकडून, “आमचं मेण तेच आहे मॅडम, काही बदललेलं नाही,” आणि फोन बंद.

माझे मिस्टर चांगले टर्नर आहेत. मेणातले त्यांना काही कळत नाही आणि तसे ते कुणालाही सांगतील. संध्याकाळी त्यांना हे सगळे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले की आमच्याकडे साधे कास्टिंग आले तरी त्यावर हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या वितळीचा त्याचा नंबर, असतो, आणि गिऱ्हाइकाने मागितले की फाउंड्रीला मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट द्यावे लागते. लोखंड बदलून ‘तेच आहे’ म्हणणारा उद्यमनगरात दुसऱ्या दिवशी टिकत नाही. मेणाच्या पिशवीला बॅच नंबर तुम्हीही देता. जूनच्या पिशवीवर तो छापलेला आहे. त्या नंबरासमोर तुमच्याकडे काय लिहिले आहे, ते मला हवे आहे.

तुमच्या माणसाने ‘अंदाजाने’ म्हटले, हे मला त्याच्या ‘मिस्टरांना द्या फोन’ या वाक्याइतकेच लागले. काचेत पेटवायची वस्तू आहे ही. वात मोठी पडली तर काच तापून तडकते, आणि ती कुणाच्या तरी देवघराशेजारी, पडद्याजवळ ठेवलेली असते. ज्या बायका माझ्याकडून जार नेतात त्यांना मी प्रत्येकीला सांगते की पेटवण्याआधी वात सहा मिलिमीटर ठेवून कापा, चार तासांच्या वर जाळू नका, एकटी सोडून जाऊ नका. मेण विकणारी कंपनीच मिठाचा दाखला देत असेल, तर मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

मंगळागौरीच्या ताईंना मी स्वतः जाऊन खरे काय ते सांगितले आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. त्यांनी वाणासाठी दुसरी वस्तू घेतली. रागावल्या नाहीत, पण दिवाळीची ऑर्डर आता त्या माझ्याकडे देतील की नाही, माहीत नाही. जानेवारीत मी तुमचे नाव चौघींना सांगितले होते. तुमचे जुने मेण खरेच चांगले होते, वास धरून ठेवायचे, काचेवर एक डाग पडायचा नाही. म्हणून हे जास्त लागते.

माझ्या मागण्या: मेणाचे ३,९०० रुपये, वातींचे ४२० आणि वाया गेलेल्या सुगंधी तेलाचे ३,१५०, असे ७,४७० रुपये परत करावेत. जून बॅचचा वितळबिंदू आणि ते मेण कोणत्या ग्रेडचे आहे, हे लेखी द्यावे. मेण बदलले असेल तर कोड बदलावा आणि ज्यांनी ज्यांनी ती पिशवी घेतली त्यांना कळवावे. माझ्यासारख्या घरी करणाऱ्या कितीतरी बायका असतील, आणि जुने मेण शिल्लक नसल्याने चूक आपलीच समजून गप्प बसल्या असतील.

तिसऱ्या फोनवर मला सांगण्यात आले की तुम्ही विकण्यासाठी करता, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदारही ग्राहकच धरला आहे, हे तुमच्या विधी विभागाला विचारा. तुमच्या वेबसाइटवरून खरेदी झालेली आहे, त्यामुळे ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या पहिल्या लेखी तक्रारीची पोच आजवर आलेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि इथेच, कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. अर्ज मी राहते तिथेच करता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. वही, फोटो आणि ४७ जार घेऊन मी स्वतः उभी राहीन.

वितळबिंदू किती, हा प्रश्न मी सहाव्यांदा विचारते आहे. फोन करणार असाल तर ज्याला हा आकडा माहीत आहे त्यालाच करायला सांगा. फोन मीच घेईन.

आपली ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत: दोन्ही बिलांच्या प्रती, दोन्ही पिशव्यांच्या लेबलचे फोटो, चार जारच्या चाचणीचे फोटो, वहीतली सहा पाने.

ता. क. जानेवारीच्या पिशवीतले दोनशे ग्रॅम मेण मी वेगळ्या डब्यात सील करून ठेवले आहे, जूनचेही तितकेच. तुमच्या खर्चाने कुरिअरचा माणूस पाठवलात तर दोन्हींतले निम्मे निम्मे देईन. उरलेले निम्मे माझ्याकडेच राहील.