अम्मीचा रोजा

चिपळूण,
रमजान, पहिला आठवडा उलटल्यावर

प्रिय बंड्या,

सलाम. तब्येत बरी आहे. शटर उचलताना पाठ धरते, बाकी काही नाही. घरचे मजेत. खुशाली संपली.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मधेच हसवतोस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलोय. तरावीहहून, रमजानातल्या रात्रीच्या नमाजेहून, आत्ताच आलो. वीस रकात उभं राहून पाय बोलतायत, पण झोप येत नाही.

मी अम्मीचा रोजा मोडला. माझ्या हाताने, चमच्याने.

सुरुवातीच्याच रोज्यांतली गोष्ट. उधारीची वही घरी राहिली होती म्हणून दुपारी आलो. अम्मी जुहरची नमाज पढून मुसल्ल्यावरच बसलेली. वाटलं तसबीहचा जप चाललाय. हाक मारली तर माझ्याकडे बघत तिने मामूंचं नाव घेतलं. मामूंना जाऊन किती वर्षं झाली ते तुला ठाऊक आहे, खांदा तूही दिला होतास. कपाळ घामाने निथळतंय, बोटं थरथरतायत. शुगरचं मशीन आणून बोट टोचलं. आकडा ५२. सत्तरच्या खाली आलं की विचार करत बसायचं नाही, रोजा सोडायचा, असं डॉक्टरांनी रमजानच्या आधीच तिच्या तोंडावर सांगितलं होतं. खरं तर रोजे धरूच नका म्हणाले होते. दोन वेळचं इन्सुलिन, त्यात किडनीचा आकडा वर सरकलेला. ती मान डोलवत राहिली आणि सेहरीला सगळ्यांच्या आधी उठली.

ग्लुकोज पाण्यात कालवून चमचा तोंडाशी नेला. तिने दात आवळून धरले. बंड्या, आपला मुलगा कोण हे तिला आठवत नव्हतं आणि आपला रोजा आहे हे आठवत होतं. पहिला चमचा तिने थुंकला. मग मी तिचे गाल दाबले. पुढचं लिहीत नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी भानावर आली. म्हणाली, "मगरिब झाली?" मी म्हटलं नाही, रोजा सुटायला वेळ आहे अजून. तिने ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर सारखा करून भिंतीकडे तोंड केलं. आता पोटात काहीतरी जायला हवं म्हणून ही ताट घेऊन आली, तर हात लावेना. "तोंडात घातलंत ते तुम्ही घातलंत. मी खाल्लेलं नाही." अजान होईपर्यंत मी मशीन घेऊन उशाशी बसलो. आकडा टिकला म्हणून निभावलं. आधीच मशीन का नाही लावलंस, बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, असं म्हणालो, तर म्हणते, "मला शिकवू नकोस. पण आकडा आला की तू ऐकणार नाहीस."

आणि दुसऱ्या दिवशी तिने मशिदीतल्या मौलानांना बोलावून घेतलं. माझी तक्रार करायला नव्हे, केस लढवायला! नानांची मुलगी आहे ती, नाना ओटीवर पोरांना फिकह, म्हणजे धर्माचे कायदे, शिकवायचे तेव्हा आत तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकलेली. तिचा मुद्दा असा: आपण शाफई मजहबाचे, म्हणजे त्या इमामांच्या नियमांनी चालणारे. आपल्यात कोणी जबरदस्तीने तोंडात काही ओतलं तर रोजा तुटत नाही. माझ्या तोंडात मुलाने ओतलं. मी थुंकले, दात आवळले, साक्षीदार घरात आहेत. तेव्हा तो रोजा माझा शाबूत आहे, त्याची ना कझा, म्हणजे नंतर भरून काढणं, ना फिदया, म्हणजे बदल्यात गरिबाला अन्न. मौलाना तरुण आहेत, दाढी कुरवाळत बसले. मी दाराआड उभा, आरोपी. शेवटी हसू दाबत म्हणाले, "खालाजान, त्या दिवसाचं मी काही बोलत नाही, तो तुमच्या आणि अल्लाहच्या मधला. उद्याचं मात्र विचाराल तर नाही म्हणेन."

तुझी ती जुनी थट्टा आठवली. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, उलट अल्लाहनेच खाऊ घातलं असं समजायचं, हे मी तुला एकदा सांगून बसलो आणि तू पुढची चार वर्षं मैदानात पेप्सीकोला पुढे करून "विसर ना रे जरा" करायचास. थुंकी गिळली की रोजा तुटतो ही अफवाही तुझीच. तुझ्यामुळे मागच्या बाकावरचा तो बिचारा गणिताच्या तासाला खिडकीतून थुंकत राहिला आणि मार मला बसला. ते अजून फिटलेलं नाही.

मौलानांनी तिला मग मक्केच्या स्वारीची गोष्ट सांगितली. हिजरीचं आठवं वर्ष, रमजान, वाटेत लोकांचे हाल. पैगंबरसाहेबांनी, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेनंतर पाण्याचा पेला मागवला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि प्यायले. तरी काही जण रोजा धरूनच राहिले. ते कळल्यावर म्हणाले, ही माणसं अवज्ञा करणारी. अम्मीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते सफरीत होते. मी घरात पंख्याखाली बसल्ये." मौलाना म्हणाले, कुरआनात आजारी आणि मुसाफिर एकाच आयतीत आहेत, आणि तिथेच लिहिलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवी आहे, अडचण नको. यावर ती काही बोलली नाही. आयतीशी वाद घालणारी ती नव्हे. पण रात्री माझ्या हिला म्हणाली, सोय त्याने दिली हे खरं, पण सोय घेणाऱ्याला बरं वाटलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

तर आता ती रोजे धरत नाही. मी जिंकलो म्हण. आणि खरी कटकट इथूनच सुरू झालीय.

पहाटे साडेचारला ती आजही उठते. आमच्यासाठी भाकऱ्या थापते, आदल्या रात्रीचं कालवण गरम करते, पोराला दही-भात संपवायला लावते. स्वतः घोटभर पाणीही आमच्यासमोर घेत नाही. आम्ही फजर पढून पुन्हा आडवे होतो. मग नऊ-दहाच्या सुमाराला, ही कपडे वाळत घालायला वर गेली की, अम्मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून खाते. दाराकडे पाठ करून. परवा मी अचानक आत गेलो तर हातातली भाकरी तिने ताटलीखाली सरकवली. बंड्या, तिच्या घरात, तिच्याच भाकरीची चोरी!

मोहल्ल्यात कुणाला ठाऊक नाही. संध्याकाळी शेजारणी विचारतात, "कसा गेला रोजा?" ती म्हणते, "अल्हमदुलिल्लाह." खोटं नाही, खरंही नाही. इफ्तारला आमच्याबरोबर बसते, अजान झाली की खजूर उचलते, पण आमचे हात पोचल्यावर. आणि रात्री तरावीहनंतर नियत, म्हणजे उद्याच्या रोज्याचा संकल्प, पुटपुटायला लागते. आम्हा शाफईंत प्रत्येक रोज्याची नियत आदल्या रात्रीच करावी लागते. हनफी मजहबवाल्यांना सकाळीही चालते, त्यांची मजा आहे. आयुष्यभराची सवय, ओठ आपोआप हलतात, आणि मधेच थांबते.

तुझा ठरलेला टोमणा मला तोंडपाठ आहे: तुमचा उपास म्हणजे दिवसाचं जेवण रात्रीवर ढकलणं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याच्या फोडी खाणाऱ्याने हे बोलावं! पण खोटं नाही तुझं. रमजानात आमच्या घरचं वाणसामान वाढतं. इफ्तारला खिमा समोसे, भजी, फळं, रूह अफजा, आणि ईदपर्यंत माझा पट्टा एक भोक पुढे. पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्यांचे फ्लेक्स बघितले की मला तर मळमळतं. टोपी घालून खजूर उचलतानाचा फोटो, आणि मागे रोजेदार कमी, कार्यकर्ते जास्त. खोटं बोलणं आणि खोटं वागणं ज्याने सोडलं नाही त्याने अन्नपाणी सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही, ही हदीस त्या फ्लेक्सवर छापायला हवी.

माझंही फार उजळ नाही. चारच्या सुमाराला चहावाचून डोकं ठणकतं आणि गिऱ्हाईक दोन स्क्रूंसाठी घासाघीस करतं. कोणी भांडायला आलं तर "मी रोज्याने आहे" एवढंच म्हणावं, अशी शिकवण आहे. परवा एकाला म्हणालो. तो म्हणाला, "मग पुण्य लागेल, पाच टक्के कमी करा." केले.

पण अम्मीचा रोजा यातला नव्हता. नमाज लोकांना दिसते, हजला जाणारा हार घालून जातो, जकात घेणाऱ्याला तरी कळते. न खाणं कोणालाच दिसत नाही. न्हाणीघरात जाऊन लोटाभर पाणी प्यायलं तर कोण बघणार आहे? म्हणूनच, रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मी देईन, असं अल्लाह म्हणतो, हे ती आम्हाला लहानपणी सांगायची. दात घासायचं मिसवाकसुद्धा दुपारनंतर बंद, कारण रोजेदाराच्या तोंडाचा वास त्याला कस्तुरीहून प्यारा. ती कुणाला काही न सांगता त्याच्याशी ते राखून होती. आता तिला वाटतं, आपला तेवढा धागा मी कापला. फिदया म्हणजे गरिबाचं पोट भरणं, तेही त्याचंच काम, असं समजावलं. मौलानांनी पैगंबरसाहेबांचे साथी हजरत अनस यांचं सांगितलं, की म्हातारपणी रोजे झेपेनात तेव्हा ते रोज एका गरिबाला रोटी आणि गोश्त खाऊ घालायचे. हे मात्र तिला पटलं. पुन्हा तिढा असा की आमच्या मजहबात शिजवलेलं नाही, धान्य द्यायचं, रोज्यामागे एक मुद्द. मुद्द म्हणजे दोन हातांची भरलेली ओंजळ. मौलाना म्हणाले, पाऊण किलो तांदूळ धरा म्हणजे शंका नको. तिला किलो मंजूर नाही. तिने डब्यातून ओंजळ भरली, बघितलं, म्हणाली माझे हात आता लहान झालेत, तू धर. रोज दुकानात जायच्या आधी मी ओंजळ धरतो आणि ती तांदूळ ओतते, सांडेपर्यंत. मग ते आणि वर डबाभर शिजवलेलं असं दोन्ही घेऊन खालच्या आळीतल्या त्या विधवा बाईकडे स्वतः चालत जाते. मजहबही सांभाळला आणि हजरत अनसही.

तेवढा वेळ तिचा चेहरा बरा असतो. परत आली की पुन्हा ओटा, पाठ आणि ताटली.

आता तुला हे का लिहितोय ते तुला एव्हाना कळलं असेल. तुझ्या आजीची एकादशी. बायपासनंतर तू तिला भगर म्हणून तांदळाची कणी घालायचास, आणि ती बिचारी "यंदाची वरी चिकट निघाली हो" म्हणत खायची. आपण त्यावरून किती भांडलो! मी म्हणालो तू आजीला फसवलंस, तू म्हणालास आजी जगली ना. बंड्या, मी अजूनही म्हणतो तू फसवलंस. मी निदान डोळ्यांदेखत मोडला. पण तुझी आजी पाटावर बसून, सगळ्यांबरोबर, हसत जेवायची, आणि माझी अम्मी ओट्याशी उभी आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजीला खरंच कळलं नव्हतं का रे? तिच्या हाताखाली गावाचं धान्य निवडलं गेलं. तू कधी बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. मला वाटतं तिला कळलं होतं.

तिची आठवण यंदा जास्तच येते. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी सरकतं, तेहेतीस वर्षांत फेरा पुरा होतो. म्हणजे हा रमजान आपल्या दहावीच्या रमजानाच्या जागी आलाय. मार्च १९९३. तो मार्च काय होता ते तुला सांगायला नको. बाजारात ओळखीची माणसं नजर चुकवून जायची, आणि तुझी आजी रोज संध्याकाळी तुझ्या हाती शहाळं पाठवायची, पोराचा पेपर आहे म्हणून. तू वाटेत अर्धं पिऊन यायचास. माझा मुलगाही यंदा दहावीला आहे, रोजे धरून पेपर देतोय. मी म्हटलं पेपरच्या दिवशी सोड. तर अम्मीने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. "आता त्याचाही मोडशील?"

तर काम असं आहे. शिमग्याला तू येणारच आहेस, पालखी नाचवल्याशिवाय तुझं वर्ष जात नाही. दरवर्षी मगरिबनंतर येतोस आणि समोसे संपवून जातोस. यंदा दुपारी ये. बाराच्या सुमाराला, मी दुकानात असताना, उपाशीपोटी. अम्मीला म्हण खालाजान भूक लागलीय, घावणे घाला. ती घालेल, तुला काही खाल्ल्याशिवाय कधी सोडलंय? मग म्हण एकट्याने जेवत नाही मी, बसा. या घरात दिवसा तिच्याबरोबर बसून खाईल असं दुसरं कोणी नाही रे. आम्ही सगळे रोज्याने. शेजारपाजार रोज्याने. तूच तेवढा. तिच्या रोज्याबद्दल चकार शब्द काढू नकोस, मी लिहिलंय हे तर मुळीच नाही. आणि "विसर ना" तिच्यापुढे नको.

तुझ्या लेकीच्या ॲडमिशनचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून पुढच्या गणपतीचं सांगतोय? वहिनींना सलाम. गोळ्या वेळेवर घे.

येताना पुण्याहून शुगरच्या मशीनच्या पट्ट्या आण, पन्नासवाला डबा. मॉडेलचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. इथे संपल्यात आणि मेडिकलवाला रोज उद्या म्हणतो. पैसे आल्यावर देतो, मागच्या ड्रिल मशीनचे वळते करून.

तुझाच,
खालच्या आळीतला