सीलंट, ग्लेझ, वॅक्स : क्रम चुकला की पैसे वाया

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळी तोंडावर आली की वॉशिंग सेंटरांबाहेर ‘रबिंग, ग्लेझ, सीलंट, वॅक्स – सगळे दोन तासांत’ असे फलक लागतात. गाडी झळाळत घरी येते आणि चार धुण्यांत बॉनेटवर पुन्हा तेच बारीक ओरखड्यांचे जाळे दिसू लागते. दोष मालाला दिला जातो. पण माल उत्तम असला तरी हे होते, कारण थरांचा क्रम चुकलेला असतो आणि दोन थरांमध्ये द्यायला हवा तो वेळ दिलेला नसतो.

ग्लेझ, सीलंट आणि वॅक्स या तिन्ही वस्तूंची कामे वेगळी आहेत. ग्लेझमध्ये तेले आणि अतिशय बारीक भराव असतो, बऱ्याचदा केओलिन माती. हा भराव ओरखड्यांच्या खाचांत बसतो, त्यामुळे खाचा डोळ्यांना दिसत नाहीत आणि रंग ओला, गडद भासतो. संरक्षण मात्र जवळजवळ शून्य. तेलामुळे पहिले काही दिवस पाण्याचे थेंबही गोल उभे राहतात आणि गाडीवर काहीतरी पक्के बसले आहे असा ग्राहकाचा समज होतो. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. तो क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, धरतो, त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि थर काही महिने टिकतो. वॅक्समध्ये बहुधा कार्नोबा असते, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. ते रंगाशी बंध जोडत नाही, वर बसून राहते आणि काही आठवड्यांत झिजते.

एवढे लक्षात घेतले की क्रम आपोआप ठरतो. सीलंटला धरायला मोकळा क्लिअर कोट लागतो. मध्ये ग्लेझचे तेल आले तर सीलंट त्या तेलावर बसते आणि तेल सुटले की त्याच्यासोबत निघून जाते. वॅक्सवर सीलंट लावले तरी तीच गत. म्हणून आधी धुणे, मग क्ले (मातीसारख्या मऊ वडीने रंगाला चिकटलेली घाण काढणे), मग पॉलिश, मग तेल पुसून काढणे, मग सीलंट आणि सर्वांत शेवटी, वाटल्यास, वॅक्स. ग्लेझ हवेच असेल तर सीलंट पूर्ण सुकल्यावर त्यावर लावावे आणि वॅक्सने झाकावे. मात्र त्या ग्लेझमध्ये घासणारा कण नाही याची खात्री करावी, नाहीतर खालचे सीलंटच खरवडले जाईल. काही उत्पादकांची ग्लेझ आणि सीलंट एकमेकांसाठीच बनवलेली असतात. तसे बाटलीवर स्पष्ट लिहिले असेल तरच ग्लेझ खाली घ्यावे.

सर्वाधिक टाळली जाणारी पायरी म्हणजे पॉलिशनंतरचे पुसणे. पॉलिशमध्येही तेल असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल डिस्टिल्ड पाण्यात सुमारे १५ टक्के मिसळावे, पॅनेलवर फवारावे आणि स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने टिपावे. तीव्र द्रावण कापड अडकवते आणि नवे ओरखडे पाडते. पुसल्यावर बॅटरीचा उजेड तिरका टाकून पाहावे. ओरखडे परत दिसले तर ते निघाले नव्हते, झाकले गेले होते. अशा वेळी पुन्हा पॉलिश करावे, पण जपून: क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनच असतो आणि दर सणाला रबिंग, म्हणजे घासून पॉलिश, केले तर तो संपतो. मग रंगकामाशिवाय उपाय राहत नाही.

सीलंट सावलीत, थंड पत्र्यावर लावावे. तळहात आरामात टेकवता येत नसेल तर पत्रा गरम आहे. तिथे द्राव लगेच उडतो आणि डाग धरतो. अख्ख्या हॅचबॅकला २० ते ३० मिली पुरते. अर्ध्या बॉनेटला फोमच्या पॅडवर तीन-चार थेंब. जाड लावून फायदा नाही, कारण रंगाला टेकलेला भागच धरतो, उरलेला पुसताना ओघळ सोडतो. धूसर झाल्यावर बोट फिरवून पाहावे. बोटामागे स्वच्छ चमक आली तर पुसायला घ्यावे, चिकट रेघ आली तर थांबावे. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हे थांबणे बरेच लांबते.

आणि इथेच ‘दोन तासांत’ हा दावा कोसळतो. पुसून झालेले सीलंट पक्के व्हायला बहुतेक बाटल्यांवर १२ ते २४ तास सांगितलेले असतात. तेवढा वेळ पाणी नको, रात्रीचे दवही नको. कच्च्या सीलंटवर वॅक्स चोळले की वॅक्समधले सॉल्व्हंट ते विस्कटते. दुसऱ्या दिवशी वॅक्स लावताना ‘क्लीनर वॅक्स’ टाळावे, त्यात घासणारे कण असतात. वॅक्सचा एक पातळ हात पुरे, फार तर सुटलेल्या जागांसाठी दुसरा. तिसऱ्या-चौथ्या हाताने जाडी वाढत नाही, नवा हात आधीचा विरघळवतो.

पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांना ग्लेझ आणि वॅक्स वगळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फरक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्याच पैशांत एक दिवसाच्या अंतराने सीलंटचे दोन हात घ्यावेत. काळ्या, गडद निळ्या, मरून रंगांवर मात्र वॅक्सने रंगाला आलेला गडदपणा खरोखर दिसतो. नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलची गोष्ट वेगळी. त्यातले सॉल्व्हंट बाहेर पडायला रंग कंपनी सांगेल तेवढे, बहुधा एक ते तीन महिने द्यावे लागतात. तोवर सीलंट आणि वॅक्स दोन्ही नको. बिनसिलिकॉनचे, बॉडीशॉपसाठी (गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजसाठी) बनवलेले ग्लेझ चालते. ग्लेझची खरी जागा तीच आहे.

‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सेवेबद्दलही लिहायला हवे. टेफ्लॉन सुमारे ३२७ अंशांना वितळते. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीच्या रंगावर तसे भाजता येत नाही. अशा बाटलीत जे काही टिकते ते सोबतच्या पॉलिमरमुळे किंवा मेणामुळे टिकते.

आमची मागणी साधी आहे. सेंटरांनी बिलावर प्रत्येक थराचे उत्पादन, लावण्याचा क्रम आणि सुकायला दिलेले तास लिहावेत. ग्राहकांनी अल्कोहोलने पुसलेले एक पॅनेल सीलंट लावण्याआधी उजेडात पाहायला मागावे आणि गाडी त्या रात्री सेंटरच्या छताखालीच ठेवावी.

आपले,
डिटेलिंगचे काम करणारे काही वाचक, पुणे