मशिनी वाढवण्याआधी पट्टा मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिडिओ गेमविषयी वाचकांची पत्रे येतात ती बहुधा 'पोरांचा वेळ जातो' एवढीच तक्रार घेऊन. 'फॅक्टोरिओ'सारख्या कारखाना उभारायच्या गेममध्ये वेळ जातोच, पण त्यातला निम्मा चुकीच्या जागी मशिनी ठोकण्यात जातो. तो वाचू शकतो.

गेममधल्या हिरव्या सर्किटचेच, म्हणजे एका इलेक्ट्रॉनिक सुट्या भागाचेच घ्या. एका सर्किटला लोखंडाचा १ पत्रा आणि तांब्याच्या ३ तारा लागतात. तांब्याच्या १ पत्र्यातून २ तारा निघतात. दोन्ही कामांचा मूळ वेळ अर्धा सेकंद. म्हणजे मशिनी एकाच दर्जाच्या असतील, तर तारेच्या ३ तेव्हा सर्किटच्या २. एकास एक लावल्या की सर्किटची मशीन एक तृतीयांश वेळ रिकामी बसते. मग माल कमी पडतो म्हणून सर्किटचीच आणखी एक मशीन टाकतात, आणि तीच तार दोघींत वाटली जाते!

दुसरी खोट तार माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर सोडण्यात आहे. सगळ्यात साधा, पिवळा पट्टा सेकंदाला १५ नग नेतो. तारेने भरला तर त्यावर सेकंदाला ५ सर्किटे होतात, तांब्याच्या पत्र्याने भरला तर १०. आपल्याकडे जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून रुई जेमतेम तिसरा हिस्सा निघते, म्हणून सरकी काढून, गाठी बांधून मगच ट्रक भरतात. तारेचे उलटे आहे, ती केल्यावर नग दुप्पट होतात. म्हणून तार सर्किटच्या शेजारीच करावी आणि इन्सर्टरने (माल उचलून ठेवणाऱ्या यांत्रिक हाताने) थेट मशिनीतून मशिनीत द्यावी. गिअरला २ पत्रे लागतात, म्हणजे नग निम्मे होतात, तो मात्र खुशाल पट्ट्यावर घालावा.

थेट देतानाही साधा पिवळा इन्सर्टर पुरत नाही, तो सेकंदाला एक नगही धड उचलत नाही. सगळ्यात खालच्या दर्जाची मशीन निम्म्या वेगाने चालते, तरी तशा सर्किट मशिनीला सेकंदाला ३ तारा हव्यात. तिच्या दोन बाजूंच्या तार मशिनींकडून एकेक वेगवान इन्सर्टर लावला की भागते.

भट्ट्यांचे गणित सोपे आहे. दगडी भट्टीला एका पत्र्याला ३.२ सेकंद लागतात, तेव्हा पिवळा पट्टा भरायला ४८ भट्ट्या. पण सगळ्या एकाच बाजूला मांडल्या तर पट्टा अर्धाच भरतो, कारण पट्ट्यावर मालाच्या दोन रांगा असतात आणि इन्सर्टर माल नेहमी पलीकडच्या रांगेत टाकतो. दोन्ही बाजूंना २४-२४ ठेवाव्यात.

विजेचे एकच सांगतो. बॉयलरला कोळसा घालणारे इन्सर्टर विजेवर ठेवू नयेत. वीज कमी पडली की ते मंदावतात, कोळसा घटतो, वीज आणखी घटते आणि सगळा कारखाना थंड. तिथे कोळशावर चालणारेच इन्सर्टर हवेत. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी रोज पाहणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको.

अडले कुठे ते शोधताना बंद मशीन पाहून घाबरू नये. पुढे माल तुंबला म्हणून ती थांबली असेल तर ठीक, कच्चा माल नाही म्हणून थांबली असेल तर मागे जावे. तुंबलेला पट्टा संपून रिकामा पट्टा जिथे सुरू होतो, तिथेच दुखणे असते.

खान्देशातल्या तंत्रनिकेतनांच्या गॅदरिंगमध्ये या गेमची स्पर्धा ठेवायची झाल्यास मशिनींची संख्या मोजू नये. मिनिटाला १२० सर्किटे एवढेच लक्ष्य द्यावे, मांडणीचे तयार नकाशे (ब्लूप्रिंट) वापरायला बंदी करावी आणि परीक्षकाने 'पी' दाबून उत्पादनाचा शेवटच्या दहा मिनिटांचा आलेख पाहावा.

आपला,
एक वाचक, जळगाव