लग्नपत्रिकेतले एक अक्षर

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

आपले आणि निराधार बायांना आसरा देणाऱ्या आपल्या ख्रिस्ती संस्थेचे नाव कुठेही येऊ नये, असे आपण सांगितले असल्यामुळे ते टाळूनच हे आभाराचे पत्र लिहीत आहे. मात्र ते सर्वांसमोर लिहिणे मला भाग आहे. 2017 साली माझ्या लग्नपत्रिकेत आईच्या नावाआधी 'कै.' छापले गेले आणि खानापूर तालुक्यातील आमच्या चार गावांनी ते वाचले. आई त्या वेळी जिवंत होती आणि बेळगाव रेल्वे स्थानकाच्या आसपास कुठेतरी झोपत होती. ते अक्षर काकांनी सुचवले होते, पण मजकूर माझ्या हस्ताक्षरात होता.

आईच्या व्यसनाची हकिकत आमच्या भागात नवलाची नाही. निपाणीकडच्या माहेरी विड्या वळता वळता तिला लहानपणीच मिश्रीची सवय लागली. उद्यमबागेतील फाउंड्रीत काम करणारे वडील 2005 मध्ये वारले, तेव्हा झोप लागावी म्हणून कोणीतरी तिच्या हातात साराईचे, म्हणजे स्वस्त देशी दारूचे, पाकीट ठेवले. 1 जुलै 2007 पासून कर्नाटकात साराई बंद झाली, त्या दिवशी आजीने देवापुढे साखर ठेवली होती. पाकिटाची जागा हातभट्टीने आणि चोर्ला घाट चढून येणाऱ्या गोव्याच्या बाटलीने लवकरच घेतली. पिऊन पडलेल्या पुरुषाला आमच्याकडे घरचे उचलून आणतात आणि त्याचे ताट झाकून ठेवतात. बाईसाठी मात्र दाराला आतून कडी लागते. आमच्या दाराची कडी किती वेळा मी स्वतः लावली, हे आई कधी बोलून दाखवत नाही.

कपिलेश्वर उड्डाणपुलाखाली ती आपल्याला सापडली, तेव्हा आपण तिला प्रार्थनेला न नेता आधी दवाखान्यात नेले. एका दवाखान्याने पत्ता नाही म्हणून दारातूनच परत पाठवले, तर आपण दुसरा गाठला. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते आणि पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो, हे मला आपल्याकडूनच कळले. आम्ही तर एकदा तिला तीन दिवस खोलीत कोंडून 'आता सुटेल' म्हणून बाहेर बसून राहिलो होतो. ग्लुकोजच्या आधी बी-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायचे असते, ही आठवण आपण तिथल्या डॉक्टरांना करून दिल्याचे आई आजही कौतुकाने सांगते. आधार कार्ड, कन्नडमधले अर्ज, विधवा पेन्शनसाठीच्या खेपा, हे सगळे आपण आपल्या मंगळुरी वळणाच्या मराठीत तिला समजावून सांगत पार पाडले.

मी आपल्याकडे पहिल्यांदा आले ती आभार मानायला नव्हे, चौकशी करायला, हे कबूल केले पाहिजे. 'बाटवतील' अशी कुजबुज गावात होतीच, आणि 2022 च्या धर्मांतरविरोधी कायद्यानंतर ती उघड बोलली जाऊ लागली होती. आपण चहा दिला आणि आईची खाट दाखवली. उशाशी विठोबाची तसबीर होती. हे काम येशूसाठी करतो, हे आपण लपवले नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचे की नाही, हे मात्र प्रत्येक बाईवर सोडले होते. आई मागच्या ओळीत बसते, गळ्यात तुळशीची माळ घालूनच.

त्याच प्रार्थनेत तिने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली. ती स्त्री भर दुपारी एकटीच विहिरीवर येते आणि येशू आधी तिच्याकडेच पाणी मागतो. आई मला म्हणाली, ''मीबी दुपारीच नळावर जायची, कुणी नसताना.'' मी शाळेत पंडिता रमाबाई शिकवते. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेण्याआधी त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम पाहिले. यामागचे कारण विचारले असता त्यांना हीच गोष्ट वाचून दाखवण्यात आली, आणि पुढे केडगावला अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. इतक्या वर्षांत हा पाठ शिकवताना मला माझी आई एकदाही आठवली नव्हती.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीसाठी आहेत. आई आपल्याकडून दोनदा निघून गेली. पहिल्यांदा पाच आठवड्यांनी आणि दुसऱ्यांदा पेन्शनचे पहिले पैसे हातात पडताच. दुसऱ्या वेळी मीच आपल्याला फोन करून म्हणाले होते की, आता तिला परत घेऊ नका. आपण एवढेच म्हणालात, ''ताई, तिची खाट रिकामीच आहे.'' परत आल्यावर आपण तिच्याकडून शपथ घेतली नाही. आमच्या घरी तिने दत्ताची, वडिलांच्या फोटोची, माझ्या डोक्यावर हात ठेवून माझी, अशा कितीतरी शपथा घेतल्या होत्या, आणि शपथ मोडली की त्या लाजेनेच ती अधिक पीत असे. हे तिच्या सख्ख्या मुलीला समजले नव्हते, ते आपल्याला समजले. गेल्या दिवाळीपासून ती प्यायलेली नाही. मिश्री अजून सुटलेली नाही आणि त्यावरून आपण तिला रोज बोलता, अशी तिची तक्रार आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचे बारसे आहे. प्रेसवाल्याकडे जुनी लग्नपत्रिका होती. त्याने आजी-आजोबांची नावे तीवरूनच उचलली, त्यामुळे पहिल्या प्रुफात आईच्या नावाआधी 'कै.' पुन्हा आले. ते मी लाल शाईने खोडले आहे. ते प्रूफ आपल्याला पोस्टाने पाठवत आहे. पत्रिका घेऊन आई स्वतः येईल.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका