घेवड्याच्या फुलोऱ्याला एक पाणी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टात पावसाने उघडीप दिली की ऊस आणि सोयाबीनच्या पाण्याची चर्चा सगळीकडे होते. पण कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याची, म्हणजे आमच्याकडच्या पट्टेदार दाण्याच्या राजम्याची, विचारपूस कुणी करीत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे पीक जूनमध्ये पेरले की साधारण अडीच महिन्यांत निघते आणि त्याचा फुलोरा बरोबर या उघडिपीतच सापडतो.

घेवड्याच्या मुळ्या उथळ असतात. हलक्या मुरमाड रानात वरच्या दीड फुटात पिकाला सहज उचलता येईल असे पाणी ढोबळमानाने २५ मिलिमीटर मावते आणि फुलोऱ्यातील पीक रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी ओढते, त्यामुळे पाच-सहा दिवसांतच ताण सुरू होतो. भर दुपारी पाने सपाट न राहता उन्हाकडे कड करून उभी राहतात, ही त्याची पहिली खूण. तेव्हा पाणी मिळाले तर पीक सावरते. नाही तर फुले आणि कोवळ्या शेंगा गळून सरीत पडतात, उरलेल्या शेंगांत दाणा पोचट राहतो आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी ही तूट भरून निघत नाही. अन्न व कृषी संघटनेच्या १९७९ च्या पुस्तिकेतही घेवडावर्गीय पिकासाठी ताणाचा उत्पादनावरील परिणाम दर्शविणारा गुणांक शाकीय वाढीच्या (पाने-फांद्या वाढण्याच्या) काळात ०.२, तर फुलोऱ्यात १.१ दिला आहे.

मागणी फार मोठी नाही. तुषार संचाने ४० मिलिमीटरची एक पाळी दिली, तर हेक्टरी ४ लाख लिटर पाणी लागते. उसाला मात्र पूर्ण हंगामात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला. त्या वेळी आमच्या शिवारात ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांनीच घेवडा वाचवला. बाकीचे आभाळाकडे पाहत राहिले, कारण कालव्याची आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या) मुख्यतः रब्बी आणि उन्हाळ्यासाठी ठरतात आणि खरीप पावसावर सोडून दिला जातो.

आवर्तन मिळाले तरी पाटाने रान तुडुंब भरणे हा उपाय नव्हे, कारण साचलेल्या पाण्यात घेवडा पिवळा पडतो आणि मूळकूज लागते. हलके पाणी द्यावे, वापसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतील अशी स्थिती) टिकवावा.

कृषी सहायकांनी जुलैच्या मध्यापर्यंत गावोगावची पेरणीची तारीख आणि क्षेत्र पाणीवापर संस्थांकडून गोळा करावे आणि कालवा सल्लागार समितीने त्यावरून फुलोऱ्याचा आठवडा काढून, सलग आठ दिवस पाऊस न झाल्यास एक संरक्षित पाळी सोडण्याचा निर्णय पेरणीच्या हंगामातच जाहीर करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक घेवडा उत्पादक शेतकरी,
ता. कोरेगाव, जि. सातारा