मुक्ता, कोट घे

इचलकरंजी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तू रागाने फोन ठेवलास, म्हणून लिहितेय. खोकला आठवडाभर आहे, हे मला सुमीकडून कळावं? कोटाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या पातळ जाकिटावर तू लंडनला गेलीस, ते डोळ्यांपुढून जात नाही.

म्युझियममधल्या ड्रेसचे फोटो मोठे करकरून पाहिले. १९४२ साली, ऐन महायुद्धात, हार्टनेल, हार्डी एमीस अशा बड्या डिझायनरांनी ब्रिटिश सरकारसाठी साधे कपडे बेतले, हे तू सांगितलंस तेव्हा खरं वाटलं नव्हतं. आता पटलं. घेर बेताचा, खिसे दोनच, बटणं पाचाच्या वर नाहीत, चुण्या मोजून. तरी खांदा कसा बसलाय बघ! कापड तोकडं असलं की कटिंगचा कस लागतो. झालर लावली की चूक झाकते. इथे झाकायला जागाच नाही. सीसी ४१ च्या, म्हणजे सरकारी काटकसरीच्या शिक्क्याचा कपडा, पण बेत पहिल्या प्रतीचा. मी जन्मभर ब्लाउज बेततेय, मला कळतं.

आणि तूच म्हणालीस ना, १९४१ च्या जूनमध्ये कपड्यांचं रेशन आलं तेव्हा माणशी वर्षाला ६६ कुपनं, आणि बाईच्या अस्तराच्या लोकरी कोटाला त्यातली १४ जायची? म्हणजे बाकीचं वर्ष जुनं उसवून, उलटं करून शिवायचं, पण कोट घ्यायचा. अडाणी नव्हत्या गं त्या बायका. झालं, आलेच मी कोटावर. रागावू नकोस.

आपल्याकडेही तेव्हा कापड कंट्रोलवर होतं. तुझ्या आजी सांगायच्या, नऊवार मिळणं मुश्कील, म्हणून लुगडं विरलं की दंड घालायचा. त्यांच्या पेटीतलं तसलं एक मी पाहिलंय. मधला विरलेला भाग काढून दोन्ही तुकडे बारीक धावदोऱ्यानं जोडलेले, काठाला काठ जुळलेला. तेच तू बाहुलीला गुंडाळलंस नि ओरडा खाल्लास. तेव्हाही शिवण उलटी करून बघत होतीस! माझ्या मशीनखाली चिंध्या वेचणारी पोर आज लंडनमध्ये या कपड्यांचा अभ्यास करते, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

पण छाती तुझी पहिल्यापासून नाजूक. मिरजेला काढलेल्या त्या रात्रीबद्दल बाबा अजून बोलत नाहीत. परवा त्यांनी पैसे पाठवले, ते पुस्तकांसाठी नाहीत, एवढंच म्हणाले. कशासाठी ते तुला कळतं. डॉक्टरकडे जा, आणि काय म्हणाले ते आधी मला सांग, सुमीला नंतर.

त्या ड्रेसची आतली बाजू बघायला मिळाली तर शिवणीत कापडाची माया किती सोडलीय ते नक्की कळव. बाहीच्या मुंढ्यात वाचवली असेल असं मला वाटतं, फोटोत नीट दिसत नाही.

तुझी,
आई